जर्सी कोण धुतं?

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला गेले, तेव्हा त्या गावाविषयी मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक म्हणजे जावयाची नोकरी तिथून जवळ ओक रिजच्या प्रयोगशाळेत आहे, आणि दुसरी म्हणजे ताजी मेथी मिळायची तिथे मारामार आहे. विमानतळावरून घरी जाताना जावयाने गाडी मुद्दाम शहरातून घेतली. एका वळणावर समोर भलामोठा नारिंगी बास्केटबॉल दिसला. चित्रातला नव्हे, खरोखरचा, इमारतीला टेकवून ठेवल्यासारखा. ३० फूट उंच आणि १० टन वजनाचा.

"हे हॉल ऑफ फेम, आई. बायकांच्या बास्केटबॉलचं."

"फक्त बायकांच्या?"

"फक्त बायकांच्या. तुम्ही खेळायचात ना कॉलेजात? मग इथल्या विद्यापीठाची कोच पॅट समिट माहीतच असेल तुम्हाला."

माहीत नव्हती. मायकेल जॉर्डन माहीत होता, मॅजिक जॉन्सन माहीत होता. तीन वर्षं कॉलेजच्या टीमकडून खेळलेय, एकदा विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत पोचलेय, आणि बायकांच्या बास्केटबॉलमधलं एक नाव मला येत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

नातू झाला. पहिले दोन महिने त्याला रात्री दोनची वेळ फार प्रिय होती. लेकीने पाजून दिला की पुढचं ढेकर काढणं, थोपटणं माझ्याकडे. एका हातात तो, दुसऱ्या हातात फोन. त्या दोन महिन्यांत मी पॅट समिट वाचून काढली. तिच्याबद्दल एकेरीत लिहितेय, कारण तिच्या खेळाडूही तिला 'कोच' वगैरे न म्हणता सरळ 'पॅट' म्हणत.

तर १९७४ साल. पॅट २२ वर्षांची. नाव तेव्हा पॅट हेड; समिट हे नंतर, लग्नानंतरचं. टेनेसी विद्यापीठात ती आली होती एम.ए.सारखी पदवी घ्यायला आणि जोडीला मुलींच्या टीमची सहायक म्हणून. मुख्य कोचबाई अचानक अभ्यासरजेवर गेल्या आणि टीम हिच्या गळ्यात पडली. चार खेळाडू तिच्यापेक्षा जेमतेम वर्षाने लहान. महिना २५० डॉलर. त्यात स्वतः वर्गांना व्यायामशिक्षण शिकवायचं, स्वतःचा अभ्यास करायचा, आणि नुकतंच ऑपरेशन झालेला गुडघा ऑलिम्पिकसाठी पुन्हा उभा करायचा. बाहेरगावी मॅच असली की व्हॅन तीच चालवणार. एकदा तर समोरच्या टीमच्या जिममध्येच चटया टाकून सगळ्या झोपल्या होत्या. टीमच्या जर्सी आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेल्या. आणि त्या धुवायची तीच.

धुवायची तीच. हे वाचलं आणि मी फोन पालथा घातला. बाळ खांद्यावर झोपलं होतं, पण मी बराच वेळ फेऱ्या मारत राहिले.

आमच्या दहा जर्सी होत्या. मरून रंगाच्या, ४ ते १३ नंबरच्या. (बास्केटबॉलमध्ये तेव्हा नंबर चारपासूनच सुरू व्हायचे. घरी हे सांगितलं की सगळे हसायचे, "एक, दोन, तीन कुठे गेले?") नंबर पांढऱ्या कापडाचे, शिंप्याकडून शिवून घेतलेले. पहिल्याच धुण्याला मरून उतरला आणि सगळे नंबर गुलाबी झाले. मॅच संपली की आमच्या खेळाच्या बाई एक कापडी पिशवी उघडून दाराशी उभ्या राहायच्या. एकेकीने जर्सी काढून त्यात टाकायची. ती पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून बाई घरी न्यायच्या. वाड्याच्या मागच्या दगडावर त्या दहा जर्सी आपटताना मी त्यांना पाहिलंय. शेजारी त्यांच्या सासूबाई बसलेल्या, तोंड दुसरीकडे करून. पावसाळ्यात जर्सी वाळायच्या नाहीत, मग त्या चुलीवर दोरी बांधून टाकायच्या. कोल्हापूरला एका मॅचला समोरच्या मुली नाकाला हात लावून म्हणाल्या होत्या, "आल्या गं धुराच्या पोरी."

मी सात नंबर.

पॅटची पहिली मॅच ७ डिसेंबर १९७४ ला झाली. समोर मर्सर विद्यापीठ. ८४-८३, एका गुणाने हरली. बघायला ५३ माणसं. हा ५३ चा आकडा मला फार आवडला. कुणीतरी मोजली होती म्हणजे. आमच्या मॅचना बघ्यांत दोन शिपाई, एक कुल्फीवाला आणि कुणाचा तरी भाऊ असायचा. तो भाऊ खेळ बघायला आलेला नसायचा, बहिणीला अंधाराआधी घरी न्यायला आलेला असायचा.

पॅटच्या गोष्टीत अशी एखादी आई-वडिलांची जागा येते तिथे मला जरा हेवा वाटतो. टेनेसीतलं शेतकरी घर. तंबाखू, गवत, दुभती जनावरं. तीन मोठे भाऊ, एक धाकटी बहीण. दिवसभराचं काम उरकलं की गवताच्या माळ्यावर भावांशी बास्केटबॉल. बाप साडेसहा फुटांच्या आसपासचा, बोलायला दगड. कौतुक नाही, माया दाखवणं नाही. शाळेचा एक दिवस चुकवू द्यायचा नाही; पॅटने पहिल्यापासून शाळा संपेपर्यंत एकही दिवस बुडवला नाही. पण ती माध्यमिकला गेली आणि गावच्या शाळेत मुलींची टीमच नव्हती, तर या माणसाने काय करावं? अख्खं घर उचलून शेजारच्या तालुक्यात नेलं. मुलीला बास्केटबॉल खेळता यावं म्हणून. पुढे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गुडघा गेला, डॉक्टर साशंक झाले, तेव्हा त्यांना हाच बाप म्हणाला होता की नीट करा, ती ऑलिम्पिकला जाणार आहे. आणि मुलीला त्याने पहिल्यांदा मिठी मारली ती १९९६ साली, तिने राष्ट्रीय विजेतेपद जिंकल्यावर. ती तेव्हा ४३ वर्षांची होती, आणि ते तिचं पहिलं नाही, चौथं विजेतेपद होतं!

माझ्या वडिलांनी मला खेळायला नाही म्हटलं नाही. "सातच्या आत" एवढंच म्हणायचे. आमचा सराव साडेसहाला संपायचा. तेव्हा मी त्यांना उदार समजत होते, आजही समजते.

एक गोष्ट मात्र वाचून मी चकित झाले. अमेरिका म्हणजे पहिल्यापासून सगळं मोकळं, असं आपल्याला उगाच वाटतं. टेनेसीच्या शाळांत त्या काळी मुली पूर्ण कोर्टावर खेळतच नसत. सहा-सहा जणींची टीम. तिघी अर्ध्या कोर्टावर फक्त बास्केट टाकणार, तिघी दुसऱ्या अर्ध्यावर फक्त अडवणार. मधली रेघ ओलांडायची नाही. बायकांच्या शरीराला एवढं पळणं झेपत नाही, अशी समजूत. म्हणजे डिफेन्सला असलेली मुलगी पूर्ण शाळा संपेपर्यंत मॅचमध्ये एकदाही बास्केट टाकणार नाही. अशा मुली कॉलेजच्या टीमला काय कामाच्या? पॅटने उघड सांगितलं की हे थांबलं नाही तर मी टेनेसीतल्या मुली घेणार नाही. ओक रिजच्या एका शाळकरी मुलीने कोर्टात दावा लावला, ती अपिलात हरली, पण १९७९ नंतर टेनेसीत मुलींना खेळायला पूर्ण कोर्ट मिळालं. ज्या ओक रिजला जावई रोज डबा घेऊन जातो, तेच ओक रिज. माझी आत्या म्हणायची, "एवढं पळू नये गं मुलींनी, पिशवी खाली येते." हीच समजूत टेनेसीतही होती, फक्त तिथे तिचा नियम करून कोर्टाच्या मधोमध रेघ मारली होती.

आता तिच्या कडकपणाविषयी. याबद्दल लोक फार भक्तिभावाने लिहितात, मला ते जमत नाही. तिची नजर प्रसिद्ध होती. निळे डोळे, आणि टाइमआउटला खेळाडूसमोर उकिडवं बसून ते डोळे तिच्यावर रोखायचे. ठीक. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, तास बुडवायचा नाही. उत्तमच. तिच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली, एकही अपवाद नाही. माझ्या मते तिच्या सगळ्या आकड्यांत हा मोठा. पण सुरुवातीच्या वर्षांत एकदा मुली रात्री पार्टी करून आल्या, तर तिने कोर्टाच्या चारी कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि त्यांना पळवत राहिली. ओकायचं तर डब्यात ओका, पुन्हा पळा. हे वाचताना हसू येतं, सांगतानाही मजा येते. पण बाळ छातीशी धरून वाचलं की तेवढं हसू येत नाही. बापाने जे दिलं तेच ती पुढे देत होती, असं मला वाटलं. पुढे ती बदलली, मवाळ झाली, असं तिच्या मुलीच सांगतात. मुली म्हणजे खेळाडू. त्यांच्यापैकी कुणी तिचा द्वेष करत नाही, उलट पन्नाशीला आलेल्या बायका तिचं नाव काढलं की रडतात. तरी ते डबे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आमच्या बाई पळवायच्या नाहीत. त्या गप्प बसायच्या. चूक केली की बघायच्या आणि पिशवीची घडी घालायला लागायच्या, म्हणजे आता सराव संपला. ते जास्त लागायचं.

विजेतेपदांची यादी मी देत बसत नाही. आठ आहेत, १९८७ ते २००८ मधली. ३८ मोसम, १०९८ विजय, २०८ पराभव, आणि एकही मोसम असा नाही की जिंकण्यापेक्षा हरणं जास्त झालं. पण पहिलं विजेतेपद तेराव्या मोसमात आलं हे लोक विसरतात. त्याआधी सात वेळा शेवटच्या चारांत पोचून ती हात हलवत परत आली होती. आणि मला सगळ्यांत आवडलेलं वर्ष १९९८ नाही, त्या वर्षी ३९ पैकी ३९ मॅच जिंकल्या; मला आवडलं आदलं, १९९७. त्या मोसमात टीम दहा वेळा हरली. दहा! वर्तमानपत्रांनी त्यांचं तेरावं घातलं. आणि मार्चमध्ये विजेतेपद यांचंच.

एक किस्सा मात्र लेकीला वाचून दाखवावाच लागला. सप्टेंबर १९९०. पॅटचे दिवस भरलेले. पेनसिल्व्हेनियात मिशेल मार्सिनिॲक नावाची शाळकरी मुलगी होती, तिला टेनेसीत आणायचं होतं, आणि घरी जाऊन आईवडिलांशी बोलण्याची वेळ ठरलेली होती. पॅट नऊ महिन्यांचं पोट घेऊन छोट्या विमानाने गेली. तिथे कळा सुरू झाल्या. सहायक मिकी डीमॉस सोबत होती, तिचा जीव टांगणीला. पॅटने बोलणं पुरं केलं आणि मग निघाली. वाटेत वैमानिक म्हणाला, व्हर्जिनियात उतरवू का? नको म्हणाली. मूल टेनेसीतच जन्मायला हवं. त्यात त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या विद्यापीठाने तिच्या टीमला स्पर्धेतून बाहेर काढलं होतं, तिथे तर मुळीच नको. नॉक्सव्हिलला पोचली, मुलगा झाला. टायलर.

लेक टाक्यांच्या दुखण्याने कुशीवर पडली होती. म्हणाली, "वेडी आहे का ही बाई?"

"पुढे ऐक. ती मिशेल टेनेसीत आलीच नाही. दुसऱ्याच विद्यापीठात, नोत्रदामला गेली."

तेव्हा ती जी हसायला लागली, की "आई, टाके, टाके" म्हणत मला गप्प बसवलं. (मिशेल वर्षभराने टेनेसीत बदली करून आली, आणि १९९६ च्या विजेतेपदात सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.)

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते. पॅट थोर होती यात वाद नाही. पण तिच्या आणि आमच्या बाईंच्या धुण्यात पहिल्या दिवशी काय फरक होता? ती २२ ची, बाई २७ च्या. तिच्याकडे व्हॅन, यांच्याकडे सायकल. तिच्या जर्सी डोनटच्या, आमच्या बाईंनी स्वतःच्या पगारातून अर्धे आणि आम्ही वर्गणीने अर्धे पैसे घालून घेतलेल्या. कॉलेजच्या खेळाच्या पैशांतून नवा बॉल आधी मुलांना मिळायचा, त्याचे दाणे झिजून गुळगुळीत झाला की आमच्याकडे. बाईंनी दोनदा अर्ज दिला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तशी कॉलेजं गावोगाव होती. अर्जाला उत्तर आलं नाही, नकारही आला नाही.

तिकडे जून १९७२ मध्ये एक कायदा झाला होता. टायटल नाइन म्हणतात त्याला. मूळ कलम इंग्रजीत अवघं ३७ शब्दांचं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही स्त्री किंवा पुरुष म्हणून वगळायचं नाही, एवढाच त्याचा आशय. खेळ हा शब्दही त्यात नाही. पण कॉलेजची जिम, बॉल, शिष्यवृत्ती, कोचचा पगार हे सगळं त्याच शिक्षणात मोडतं, असं हळूहळू मानावं लागलं. एका रात्रीत काही झालं नाही. कॉलेजांनी वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, कोर्टकज्जे झाले. तरी पॅटच्या पायाखाली जमीन सरकत वर येत होती. आधी शिष्यवृत्त्या आल्या, मग सहायक आले, मग धुणारं दुसरं कुणी आलं. १९८२ पासून एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेने, बायकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, आणि ती निवृत्त होईपर्यंत टेनेसी त्यातून एकदाही चुकली नाही. २००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडणारी बायकांच्या बास्केटबॉलमधली ती पहिली कोच. २५० डॉलर ते दहा लाख. मधे तिला विद्यापीठाच्या पुरुषांच्या टीमबद्दलही विचारणा झाली. ती नाही म्हणाली. त्याला बढती का समजायचं, हा तिचा प्रश्न होता.

बाई पुढेही खेळ शिकवत राहिल्या, पण नववी-दहावीला, आठवड्याला दोन तास, आणि परीक्षा आली की ते तासही गणिताला. आमच्यानंतर दोन-तीन वर्षांत टीम मोडली. बाईंना 'करिअर' हा शब्द कुणी लावला नाही, त्यांनीही नाही. "नोकरी होती ती," म्हणतात.

पॅटचा शेवट वाचवत नाही, तेव्हा तो थोडक्यात सांगते. २०१०-११ च्या मोसमात गोष्टी हातातून निसटायला लागल्या. आधी वाटलं संधिवाताच्या औषधाने होत असेल. मे २०११ मध्ये मेयो क्लिनिकने निदान केलं, अल्झायमरच्या प्रकारचा स्मृतिभ्रंश, तोही साठीच्या आत. ऑगस्टमध्ये तिने ते सगळ्यांना सांगून टाकलं आणि माझ्यासाठी गळे काढू नका असंही सांगितलं. आणखी एक मोसम ती बाकावर बसली. आखणी, टाइमआउट, समोरच्या टीमची चाल वाचणं हे सगळं हॉली वॉर्लिककडे. हॉली तिची जुनी खेळाडू, नंतर २७ वर्षं तिची सहायक. मार्च २०१२ मध्ये बेलर विद्यापीठाकडून टीम हरली, ती तिची शेवटची मॅच. एप्रिलमध्ये पत्रकारांसमोर तिने शिट्टी काढून हॉलीच्या हातात दिली. २८ जून २०१६ ला गेली, ६४ वर्षांची.

निघायच्या आदल्या आठवड्यात बाबागाडी ढकलत मी आणि लेक तिचा पुतळा बघायला गेलो. विद्यापीठाच्या मोठ्या अरीनासमोर, रस्त्याच्या पलीकडे. ब्राँझचा, साडेआठ फुटी. एका रस्त्यालाही तिचं नाव आहे. एक मुलगी पाठीवर बॅग, काखेत बॉल घेऊन शेजारून गेली. तिने पुतळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला ते बरं वाटलं. रोजचं झालंय म्हणजे.

भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. मी तिथल्या बाकावर बसून बाईंना फोन लावला. बाई आता सांगलीला लेकाकडे असतात, ऐकायला जरा कमी येतं, पण फोनवर स्पष्ट. त्यांना सगळं सांगितलं. पुतळा, रस्ता, ते १०९८.

"एवढे जिंकले?"

"हो ना बाई. आणि सुरुवातीला पगार काहीच नव्हता. व्हॅनसुद्धा स्वतः चालवायची."

"मग जर्सी कोण धुवायचं?"

"तीच."

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं फोन कट झाला.

"अगं, माझ्याकडे नऊच आहेत," त्या म्हणाल्या. "परवा ट्रंक आवरली तेव्हा मोजल्या. सात नंबर नाही. तुझ्याकडेच राहिली ना ती?"

शेवटची मॅच झाल्यावर मी ती पिशवीत टाकली नव्हती, अंगात तशीच घालून घरी गेले होते. माझ्या लग्नानंतर आईने तिचं ओटा पुसायचं फडकं केलं. मी माहेरपणाला गेले तेव्हा त्यावर अर्धा सात दिसत होता, गुलाबी.

"आहे बाई," मी म्हटलं. "कपाटात आहे."

"धुवून ठेव."